कोन्या ते इस्तंबूल : तुर्की टाइलकामाच्या मागावर

शनिवार, कोन्या

तुर्कस्तानातील टाइलकाम पाहायला जाणारा बहुतेक प्रवासी इस्तंबूलच्या निळ्या मशिदीपासून सुरुवात करतो आणि पुष्कळदा तिथेच थांबतो. आम्ही दोघांनी मार्ग उलटा आखला होता : आधी मध्ययुगीन सेल्जुक तुर्कांची राजधानी कोन्या, मग कुताह्या, बुर्सा, इझनिक आणि इस्तंबूल शेवटी. एखादी कला तिच्या सर्वांत प्रसिद्ध रूपापासून पाहायला घेतली की तिच्या आधीचे सगळे काम नुसती पूर्वतयारी वाटू लागते; आणि कोन्यातील काम ही कशाचीही पूर्वतयारी नाही.

सकाळी कराताय मदरशात गेलो. सेल्जुक दरबारातील वजीर जलालुद्दीन कराताय याने तो १२५१ मध्ये बांधला आणि १९५५ पासून तिथे टाइलकामाचे संग्रहालय आहे. बाहेरचे संगमरवरी दार भव्य आहे, पण आत पाऊल टाकताच नजर वर जाते ती घुमटाकडे. घुमटाच्या आतल्या अंगावर चोवीस टोकांच्या तारका एकमेकींत गुंतवलेल्या आहेत. एका तारकेतून निघालेली रेघ दुसरीत शिरते, तिसरीतून बाहेर पडते, आणि ती कुठे संपते हे शोधू गेले की मान अवघडते. रंग मोजकेच : तांब्याच्या क्षारांपासून मिळणारा फिरोजी, जवळजवळ काळ्याकडे झुकणारा गडद निळा-जांभळा, आणि पांढरा. घुमटाच्या शिखरावर गोल झरोका आहे आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीत पाण्याचा हौद. मदरशातील विद्यार्थी रात्री या हौदात ताऱ्यांची प्रतिबिंबे पाहून खगोलाचा अभ्यास करीत, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, वर तारकांचे छत आणि खाली पाणी ही योजना करणाऱ्याच्या मनात आकाशच होते, याविषयी शंका राहत नाही.

हे काम रंगवलेल्या टाइलांचे नाही. एकेका रंगाची झिलई दिलेल्या मोठ्या लाद्या भाजून, मग त्यांचे हवे त्या आकाराचे तुकडे तासून, ते चुन्याच्या गिलाव्यात शेजारी शेजारी बसवलेले आहेत. म्हणजे रेघ ही इथे कुंचल्याने ओढलेली नसून कापलेली आहे, आणि म्हणूनच सगळी नक्षी भूमितीकडे ओढ घेते. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवण्यासाठी कोपऱ्यांत पंख्यासारखी पसरलेली त्रिकोणांची जुळणी आहे. त्या त्रिकोणांवर कोनदार कूफी लिपीत पैगंबर महंमद, पहिले चार खलिफा आणि इतर प्रेषितांची नावे आहेत. अक्षरे इतकी भौमितिक की न वाचता येणाऱ्याला ती नक्षीच वाटावीत.

पण याच इमारतीच्या बाजूच्या खोल्यांत अगदी वेगळे जग आहे. बेयशेहिर सरोवराच्या काठी सुलतान अलाउद्दीन कैकुबाद पहिला याने १२३०च्या दशकात कुबादाबाद नावाचा राजवाडा बांधला होता. १९४९ मध्ये त्याचे अवशेष सापडले, आणि तिथल्या आठ टोकांच्या तारकाकृती टाइला, त्यांच्यामध्ये बसणाऱ्या क्रुसाच्या आकाराच्या टाइलांसह, इथे मांडल्या आहेत. त्यांवर मांडी घालून बसलेली, हातात डाळिंब धरलेली माणसे आहेत. ससे, कुत्रे, अस्वले, मोर आहेत. स्त्रीचे मुख आणि पक्ष्याचे शरीर असलेले जीव आहेत. आणि दोन डोक्यांचा गरुड आहे, ज्याच्या छातीवर ‘सुलतान’ अशी अक्षरे लिहिलेली आहेत. इस्लामी कलेत सजीवांची चित्रे नसतात, हे आपण सहज म्हणून जातो. कुबादाबादच्या कारागिरांना ते कोणी सांगितलेले दिसत नाही. मदरशात तारका आणि अक्षरे, महालात पशुपक्षी आणि मेजवानीला बसलेली माणसे : त्याच काळात, त्याच घराण्याच्या पदरी हा भेद पाळला जात होता. चिन्हाचा अर्थ ठरवताना ते काय आहे याइतकेच ते कुठे आहे हे पाहावे लागते, ही खूणगाठ आम्ही इथे बांधली आणि पुढे ती सतत उपयोगी पडली.

दुपारी मौलाना रूमींच्या दर्ग्यावरील फिरोजी शंकूचे शिखर बाहेरून पाहिले. गर्दी फार होती. संध्याकाळच्या बसने कुताह्याकडे निघालो.

रविवार, कुताह्या

कुताह्यात टाइलकाम जुने नुसते जपलेले नाही, ते चालू आहे. शहराच्या मुख्य चौकात कारंज्यामध्ये एक प्रचंड फुलदाणी उभी आहे. दुकानांवर, थांब्यांवर, कारंज्यांवर सर्वत्र टाइला आहेत, आणि त्यांतील बऱ्याच, स्पष्ट सांगायचे तर, भडक आहेत. या कामाला तुर्की भाषेत ‘चिनी’ म्हणतात. २०१६ मध्ये युनेस्कोने या कारागिरीचा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

येथील टाइल संग्रहालय गेरमियान घराण्याचा शेवटचा अधिपती याकुब बेय याने १४११ मध्ये बांधलेल्या अन्नछत्राच्या इमारतीत आहे. त्याची टाइलांनी मढवलेली समाधीही आतच आहे. कुताह्याचा इतिहास पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती अशी की हे शहर दीर्घकाळ आर्मेनियन ख्रिस्ती कुंभारांचे केंद्र होते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये निळ्या-पांढऱ्या रंगाची एक लहान सुरई आहे. तिच्या तळाशी आर्मेनियन लिपीत कुताह्याच्या अब्राहम नावाच्या देवसेवकाच्या स्मरणार्थ असा लेख आणि १५१० साल आहे. तिच्यामुळे बराच काळ अभ्यासकांनी या सगळ्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांना ‘अब्राहमची भांडी’ असे नाव देऊन टाकले होते. अठराव्या शतकात इथून कॉफीचे नाजूक पेले आणि चर्चमध्ये दिव्यांच्या साखळ्यांत ओवण्याची अंडाकृती लटकने दूरदूर जात. त्या अंड्यांवर पंखांच्या मध्ये फक्त चेहरा असलेले देवदूत काढलेले असत. १७१९ च्या सुमारास जेरुसलेमच्या पवित्र समाधी चर्चसाठी बायबलमधील प्रसंगांच्या टाइला इथेच घडवल्या गेल्या. त्या पुढे तिथल्याच सेंट जेम्स या आर्मेनियन कॅथीड्रलमध्ये लागल्या. म्हणजे जी फिरोजी-निळी रंगसंगती आपण डोळे मिटून ‘इस्लामी’ म्हणतो, त्याच रंगांत येशूची आणि संतांची चरित्रे भाजली जात होती. मात्र पिवळा ही कुताह्याची खास भर. इझनिकच्या ऐन भरातील कामात तो जवळजवळ आढळत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या आणि त्यानंतरच्या वर्षांत आर्मेनियनांना हे गाव सोडावे लागले. त्यांच्यातला दाविद ओहानेसियान हा नामांकित कारागीर निर्वासित होऊन १९१९ मध्ये जेरुसलेमला पोहोचला आणि त्याने तिथे भट्टी उभारली. जेरुसलेमच्या रस्त्यांवर आज जे ‘आर्मेनियन टाइलकाम’ विकले जाते, त्याचे मूळ या गावात आहे. संग्रहालयात या हकिगतीला मिळालेली जागा आम्हाला फारच अपुरी वाटली.

सोमवार, बुर्सा

१४०२ मध्ये तैमूरने अंकाराच्या लढाईत उस्मानी (ऑटोमन) सुलतान बायझीदचा पराभव केला, आणि बुर्साची लूट झाली. लुटीबरोबर माणसेही गेली. नक्काश अली नावाच्या एका तरुण कलावंताला समरकंदला नेण्यात आले. तिथे तैमुरी दरबाराची निळ्या घुमटांची शहरे उभी राहत होती. वर्षांनंतर तो परत आला, आणि सुलतान मेहमेद पहिला याने बांधलेल्या येशिल जामी, म्हणजे हिरव्या मशिदीच्या सजावटीची जबाबदारी त्याच्यावर आली. मेहराबीवर, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावर, मात्र ‘तबरीझच्या उस्तादांचे काम’ असा लेख आहे. पराभव, अपहरण आणि परदेशी कारागीर यांच्यामुळे उस्मानी टाइलकामाची सुरुवात झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

मशिदीचे बांधकाम १४१९च्या सुमारास पूर्ण झाले. खालच्या भिंतींवर गडद हिरव्या षट्कोनी टाइला आहेत आणि त्यांवर एके काळी सोनेरी नक्षी होती. तिच्या खुणा तिरप्या उजेडात अजून दिसतात. मेहराब दहा मीटरांहून उंच. कोन्यात प्रत्येक रंगाचा वेगळा तुकडा होता; इथे एकाच टाइलवर अनेक रंगांच्या झिलया आहेत आणि भट्टीत त्या वितळून एकमेकींत मिसळू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये तेलकट द्रव्यात मँगेनीज कालवून ओढलेली काळी रेघ आहे. तेल जळून जाते, रेघ उरते. या एका युक्तीने कारागिराला वळणदार वेल काढण्याची मोकळीक मिळाली, आणि त्याबरोबर नवे आकार आले : दुभंगलेल्या पानासारखा ‘रूमी’, आणि कमळ व पिओनी यांच्या मिश्रणातून बनलेला, चीनच्या बाजूने आलेला ‘हताई’. हे दोन आकार ओळखता येऊ लागले की पुढच्या दोनशे वर्षांची नक्षी वाचता येते.

समोरच्या टेकडीवर सुलतान मेहमेदची समाधी आहे. बाहेरून ती सबंध फिरोजी दिसते, पण तो बाहेरचा रंग बराचसा नंतरचा आहे. १८५५च्या भूकंपात मूळ टाइला पडल्या आणि दुरुस्तीत कुताह्याच्या बसवल्या गेल्या. आत मात्र जुने काम टिकून आहे. समाधीच्या मेहराबीत टाइलांवर एक टांगलेला दिवा, त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या आणि खाली फुलांची बाग आहे. मेहराबीतील दिवा म्हणजे कुराणातील ‘नूर’ या सुऱ्यातली प्रतिमा : कोनाड्यातील दिव्यासारखा ईश्वरी प्रकाश. मेहराब हा कोनाडा, त्यात दिवा, आणि भोवती स्वर्गाची बाग. समाधी आहे हे ध्यानात घेतले की या चित्राला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

दुपारी मुरादिये येथील समाध्यांच्या बागेत जेम सुलतान आणि शहजादा मुस्तफा यांच्या कबरी पाहिल्या. पहिलीत जुन्या पद्धतीचे फिरोजी व निळे षट्कोन आहेत. दुसरीत, जी १५७० च्या दशकातली, एकदम पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबडी फुले उमलतात. या दोन खोल्यांत अंतर काही पावलांचे आहे आणि मधल्या काळात घडले ते सगळे इझनिकमध्ये.

मंगळवार, इझनिक

सरोवराकाठचे, रोमन तटबंदीच्या आतले हे गाव म्हणजे प्राचीन निकाया. ख्रिस्ती धर्माची पहिली सार्वत्रिक परिषद इथे ३२५ मध्ये भरली. १३३१ मध्ये उस्मानी सुलतान ओरहानने ते जिंकले. आज ऑलिव्हचे मळे, ट्रॅक्टर, आणि चिनाराखाली चहा पिणारी म्हातारी माणसे. ज्या गावाने पन्नास-साठ वर्षे जगातील उत्तमांपैकी मातकाम केले, ते हेच, हे पटायला वेळ लागतो.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या तांबड्या मातीच्या साध्या भांड्यांची जागा अचानक एका पांढऱ्या, घट्ट द्रव्याने घेतली. कारण राजवाड्यात होते. सुलतानांना चिनी पोर्सेलिनचे अतोनात वेड. तोपकापीच्या संग्रहात आजही चिनी भांड्यांची संख्या दहा हजारांवर आहे. पोर्सेलिनची माती आणि तिला लागणारे तापमान इझनिकमध्ये नव्हते, म्हणून कारागिरांनी निराळा मार्ग काढला : मुख्यतः गारगोटीची पूड, तिला बांधून ठेवायला काचेचा भुगा आणि थोडी पांढरी माती. या मिश्रणाला चाकावर आकार देणे अवघड असते, कारण त्यात लवचीकपणा फार कमी. पण त्याचा पांढरा पृष्ठभाग आणि वरची पारदर्शक झिलई यांच्यामध्ये रंग असे अडकतात की ते काचेखाली ठेवल्यासारखे दिसतात.

सुलेमान पाशा मदरशाच्या आवारात आता टाइलकामाची दुकाने आणि कार्यशाळा आहेत. तिथे एका बाईंनी आम्हाला शेजारी बसवून घेतले. माझ्या पत्नीला त्या ‘अब्ला’, म्हणजे ताई, म्हणत होत्या, जरी वयाने त्याच मोठ्या असाव्यात. त्यांनी चित्राच्या रेघांवर सुईने टोचे मारलेला कागद टाइलवर ठेवला आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर थोपटली, थेट आपल्याकडचा रांगोळीचा छापा मारावा तशी. कागद उचलल्यावर ठिपके उमटले, आणि मग त्यांनी लांब केसांच्या बारीक कुंचल्याने एका दमात बाह्यरेषा ओढायला सुरुवात केली. या रेषेला ‘तहरीर’ म्हणतात. ती दुरुस्त करता येत नाही. सच्छिद्र पृष्ठभाग रंग लगेच शोषून घेतो. नंतर आत कोबाल्टचा निळा, तांब्याचा फिरोजी, हिरवा, आणि सर्वांत शेवटी तांबडा.

तांबड्यावर थोडे थांबायला हवे. तो रंग नव्हे, माती आहे : लोहयुक्त लाल माती, जिला ‘आर्मेनियन बोल’ म्हणत. ती पातळ लावली तर भट्टीत तपकिरी होते, म्हणून जाड थर द्यावा लागतो, आणि म्हणून सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील टाइलवर बोट फिरवले तर तांबडे फूल बोटाला उंचवट्यासारखे लागते. ब्रिटिश म्युझियममध्ये जेरुसलेमच्या ‘डोम ऑफ द रॉक’ या वास्तूतून आलेला, १५४९ सालाचा इझनिकचा दिवा आहे. त्यावर हा तांबडा नाही. १५५७ मध्ये पूर्ण झालेल्या इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत तो आहे. एवढ्या थोड्या वर्षांत तो सापडला, आणि सतराव्या शतकात पुन्हा हरवला.

गावाच्या इतर भागांत उत्खननात भट्ट्या सापडल्या आहेत, त्यांपैकी काही रोमन नाट्यगृहाच्या अवशेषांत. हे उत्खनन महत्त्वाचे ठरले, कारण एकोणिसाव्या शतकात युरोपातील संग्राहकांना ही भांडी इझनिकची आहेत हेच मान्य नव्हते. ऱ्होड्स बेटावरच्या लिंडोस गावातून पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयाने पाचशेहून अधिक नग विकत घेतले आणि तांबडी फुले असलेल्या सगळ्या भांड्यांना ‘ऱ्होड्सची भांडी’ म्हटले. जांभळट-हिरव्यांना ‘दमास्कसची’ आणि बारीक मळसूत्री वेलींच्या निळ्या भांड्यांना ‘गोल्डन हॉर्नची’, म्हणजे इस्तंबूलच्या खाडीकाठची. गाव मात्र सरोवराकाठी निवांत होते. त्या नगांत ताटल्या आणि मुठीचे पेले पुष्कळ, आणि त्यांवर शिडाची जहाजे, ससे, पक्षी मुक्तपणे हिंडतात. मशिदीसाठी काम करणाऱ्या त्याच भट्ट्यांतून हे सगळे बाहेर पडे.

बुधवार, इस्तंबूल

यालोवाहून फेरीने मार्मारा समुद्र ओलांडून इस्तंबूलला आलो आणि सामान टाकून थेट मसाल्याच्या बाजारामागच्या गल्लीत शिरलो. रुस्तम पाशा मशीद रस्त्यावरून दिसत नाही. खाली दुकाने आणि गोदामे, त्यांच्या मधून एक अरुंद जिना, आणि वर एकदम मोकळे अंगण. सुलेमान सुलतानाचा वजीर आणि जावई रुस्तम पाशा १५६१ मध्ये वारला. मशीद त्याच सुमाराची, वास्तुकार सिनान. सिनान टाइला जपून वापरी. सुलेमानियेसारख्या अवाढव्य मशिदीत त्याने त्या फक्त मक्केकडील भिंतीपुरत्या ठेवल्या. इथे मात्र भिंती, खांब, सज्जे, अंगणातील दर्शनी बाजूसुद्धा सगळे मढवून टाकले आहे, आणि नक्षीचे प्रकार ऐंशीच्या आसपास आहेत. वास्तू म्हणून पाहिले तर हे जरा अति आहे, असे माझे मत. टाइलांचा संग्रह म्हणून पाहिले तर पृथ्वीवर याला तोड नाही.

ट्यूलिप इथे किती प्रकारचे! तुर्कीत त्याला ‘लाले’ म्हणतात, आणि अरबी लिपीत ‘लाले’, ‘अल्लाह’ आणि चंद्रकोरीचा ‘हिलाल’ हे तिन्ही शब्द त्याच अक्षरांनी लिहिले जातात. प्रत्येक अक्षराला एक अंक देणाऱ्या पद्धतीने तिघांचीही बेरीज ६६ येते. म्हणून ट्यूलिप हे ईश्वराच्या एकत्वाचे चिन्ह मानले गेले. एका कंदातून एकच देठ, एकच फूल, हेही त्याला जोडून सांगतात. गुलाब पैगंबरांचे. सरूचा वृक्ष बारमाही हिरवा आणि सरळ, म्हणून चिरंतनाचे. कबरस्तानांत तो का लावतात हेही त्यातून कळते. फुललेली आलूबुखाराची फांदी, जिला ‘बहार’ म्हणतात, ती वसंताची आणि म्हणून स्वर्गातील बागेची. सुलेमानियेच्या मागे सुलेमानाची बेगम हुर्रेम सुलतान हिच्या समाधीत संध्याकाळी आम्ही ही फांदी पाहिली तेव्हा तो अर्थ आपोआप लागला.

परंतु मार्गदर्शक ज्या ठामपणे प्रत्येक फुलाला एक अर्थ चिकटवून देतात, तो ठामपणा मला मान्य करता येत नाही. याच फुलांचे हे रूप दरबारच्या नक्काशखान्याचा प्रमुख करा मेमी याने घडवले. ट्यूलिप, गुलाब, कार्नेशन, सुंबुल (हायसिंथ) ही त्याची चौकडी एकाच वेळी पुस्तकांच्या समासांत, रेशमावर, जिनांवर आणि टाइलांवर उतरली. सुलतानाच्या झग्यावरील ट्यूलिप ईश्वराचे एकत्व सांगत होता, की इस्तंबूलच्या माळ्यांनी जोपासलेले एक आवडते फूल एवढेच होता? दोन्ही असेल. मेहराबीशेजारी तो पहिला अर्थ घेतो आणि शरबताच्या पेल्यावर दुसरा.

गुरुवार, तोपकापी

राजवाड्याच्या चौथ्या अंगणात सुंता समारंभाची खोली आहे. तिच्या बाहेरच्या भिंतीवरील टाइला दालन बांधण्याच्या बऱ्याच आधीच्या, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या आहेत आणि १६४० च्या दुरुस्तीत तिथे बसवल्या गेल्या. एकेक टाइल सुमारे सव्वा मीटर उंचीची, अखंड. गारगोटीच्या ठिसूळ द्रव्यातून एवढा मोठा पत्रा सरळ भाजून काढणे किती अवघड आहे, हे इझनिकला पाहून आल्यामुळे समजत होते. त्यांवर निळ्या-फिरोजी रंगांत लांब, दातेरी, वळून स्वतःलाच छेदणारी पाने आहेत आणि त्या पानांच्या रानात चीनमधून आलेला ‘किलिन’ हा काल्पनिक पशू व पक्षी. या शैलीला ‘साझ’ म्हणतात आणि ती तबरीझहून आलेल्या शाहकुलू या चित्रकाराशी जोडली जाते. इथे एकही फूल बागेतले नाही; सगळे कल्पनेचे. मला वैयक्तिक आवडीने विचाराल तर सगळ्या प्रवासातील सर्वोत्तम टाइला याच, आणि त्यांच्यात तांबडा नाही.

वस्त्रांच्या दालनात झग्यांवर तीन गोल आणि त्यांखाली दोन नागमोडी पट्टे असे चिन्ह दिसते. ताटल्यांवर आणि टाइलांवरही ते आहे. उस्मानी लोक त्यात चित्त्याचे ठिपके आणि वाघाचे पट्टे, म्हणजे पराक्रम, पाहत. आजचे अभ्यासक त्याला ‘चिंतामणी’ म्हणतात, कारण तीन गोलांचे मूळ बौद्ध कलेतील इच्छापूर्ती करणाऱ्या रत्नात असल्याचे मानले जाते. ते मध्य आशियातून पश्चिमेकडे आले असावे. थेऊरच्या गणपतीचे नाव इस्तंबूलच्या फलकावर वाचताना मराठी माणूस चमकतोच, पण नात्याची दोरी बौद्ध मध्य आशियापर्यंतच ओढावी.

राजवाड्याच्या बाहेरच्या उद्यानात पुरातत्त्व संग्रहालयाच्या आवारात चिनिली किओश्क हा १४७२ चा टाइलमंडित महाल आहे, फातिह मेहमेदने बांधलेला. तुकडे कापून बसवण्याची कोन्याची रीत इथे पुन्हा दिसते, पण तैमुरी घाटाने. त्याच साली बीदरमध्ये महमूद गवानचा मदरसा पूर्ण झाला, आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर उरलेल्या टाइला लातूर-उदगीरकडच्या आम्हा लोकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेल्या असतात. दोन्ही ठिकाणी आदर्श एकच होता : समरकंद आणि हेरात. इराणी कारागीर आणि इराणी अभिरुची त्या काळात बॉस्फरसपासून दख्खनपर्यंत फिरत होती. बीदरच्या टाइलांचा बराच भाग मदरशाच्या पडझडीत गेला आहे, इथल्या बऱ्याच टिकल्या. अवस्थेतील हा फरक सोडला तर दोन्हीकडच्या अक्षरपट्ट्या एकाच घराण्यातल्या वाटतात.

शुक्रवार, अया सोफियाच्या मागे आणि निळी मशीद

अया सोफियाच्या बाजूच्या आवारात सुलतानांच्या समाध्या आहेत. तिथे गर्दी नसते. सुलतान सलीम दुसरा याची समाधी सिनानने बांधली, १५७७ मध्ये पूर्ण झाली, आणि तिच्या दाराच्या दोन्ही बाजूंना टाइलांचे दोन मोठे फलक आहेत. उजवीकडचा मूळ. डावीकडचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुरुस्तीच्या नावाखाली फ्रान्सला गेला आणि त्याच्या जागी तिकडे बनवलेली नक्कल आली. मूळ फलक पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. दोन्ही फलक एकाच नजरेत येतात, म्हणून तुलना अटळ आहे. नकलेची रेषा चुकलेली नाही. पण तिच्यातील तांबडा सपाट आणि मळकट, पांढरा पिवळसर, आणि झिलईत खोली नाही; उजवीकडच्या फलकावर मात्र दुपारच्या उन्हात तांबडा उठून पुढे येतो. औद्योगिक युगातील फ्रान्सला जे साधले नाही ते तीनशे वर्षांपूर्वी एका तळ्याकाठच्या गावाला साधत होते. इझनिकचे तंत्र समजावून सांगणारा याहून चांगला धडा कुठल्या संग्रहालयात मिळणार नाही, आणि तो परत न केलेल्या मालामुळे मिळतो हे विचित्र आहे.

जुम्म्याची नमाज संपल्यावर दुपारी सुलतान अहमद मशिदीत गेलो, जिला जग ‘निळी मशीद’ म्हणते. १६०९ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि तिच्यासाठी वीस हजारांहून अधिक टाइला लागल्या. एवढी मागणी इझनिकला मोठी पर्वणी ठरायला हवी होती. झाले उलट. राजवाडा टाइलांचे भाव ठरवून देई, चलनाची किंमत घसरत होती, कोबाल्ट आणि कथिलाचे भाव वाढत होते. शिवाय दरबारची कामे आधी पुरी करा, बाहेर विकू नका, असे हुकूम सुटत. कारागिराला खासगी गिऱ्हाईक सोडून तोट्याचे सरकारी काम करावे लागले की त्याचा हात कुठे आखडतो, हे इथल्या भिंतींवर दिसते : पांढऱ्यावर ठिपके, निळा ओघळलेला, तांबडा पातळ आणि म्हणून तपकिरी. रचना अजून सुंदर आहेत, कारण नमुने जुनेच होते. भाजणे बिघडले होते.

सतराव्या शतकातील प्रवासी एव्हलिया चेलेबी लिहितो की सुलतान अहमदच्या काळात इझनिकमध्ये तीनशे कार्यशाळा होत्या आणि तो तिथे गेला तेव्हा नऊ उरल्या होत्या. तीनशे हा आकडा त्याच्या नेहमीच्या सढळ हाताने लिहिलेला असू शकतो, पण उतरण खरी आहे. पुढे १७२० च्या दशकात वजीर दामाद इब्राहिम पाशाने उरलेल्या कारागिरांना इस्तंबूलच्या तेकफूर महालात आणून भट्ट्या लावल्या. त्यांनी पिवळाही वापरून पाहिला, आणि थोड्या दशकांत त्याही विझल्या. तोपकापीच्या जनानखान्यात त्या काळातल्या काही दालनांना हॉलंड आणि इटलीच्या टाइला लावलेल्या आहेत.

निळ्या मशिदीतील सर्वांत चांगल्या, जुन्या टाइला वरच्या सज्ज्यात आहेत आणि तिथे सामान्य प्रवाशाला जाऊ देत नाहीत. खालून त्या नुसत्या निळसर दिसतात. दुर्बीण जवळ असेल तर ती अवश्य न्यावी, आणि वेळ कमीच असेल तर इथला वेळ कापून तो रुस्तम पाशाच्या अंगणातील डाव्या भिंतीला द्यावा.